आवृत्तिपालटाची कसोटी : भोकरचा सातबारा आणि वितरित डेटाबेस

१

‘आवृत्ती’ हा शब्द मराठीत ग्रंथव्यवहारातून संगणकव्यवहारात गेला. ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून पहिलीची प्रत वाचकाच्या फडताळातून कोणी काढून नेत नाही. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात, आणि पाठाविषयी शंका आली की अभ्यासक जुनी प्रत उघडून ताडा घेतो. संगणकाच्या बाबतीत मात्र नवी आवृत्ती आली की जुनी नाहीशी व्हावी, अशीच सर्वांची अपेक्षा असते. नवीत काय अधिक आहे, एवढेच सांगितले जाते. जुन्यातून नव्यात जाताना मजकुराचे काय झाले, हा पाठचिकित्सेचा पहिला प्रश्न तेथे सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे. अनेक ठिकाणी विभागून ठेवलेला एखादा नोंदसंग्रह चालू व्यवहार न थांबविता एका आवृत्तीतून दुसरीत नेणे, याला ‘सुरक्षित’ केव्हा म्हणावे? यासाठी दोन उदाहरणे समोर ठेवली आहेत. पहिले ‘अपाचे कॅसांड्रा’ या वितरित डेटाबेसचे, तर दुसरे नांदेड जिल्ह्यातील भोकर तालुक्यासारख्या ठिकाणच्या जमिनीच्या दफ्तराचे. पहिल्याविषयी लेखन विपुल आहे आणि दुसऱ्याविषयी तक्रारी विपुल आहेत. परंतु दोहोंना एकाच कसोटीवर घासून पाहण्याचा प्रयत्न आपल्याकडे फारसा झालेला नाही. तो केल्यास संगणकशास्त्राच्या पुस्तकांना आणि महसुली व्यवहाराला, दोघांनाही परस्परांपासून काही शिकण्यासारखे आहे, असे दिसून येईल.

२

प्रथम वितरित डेटाबेस म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. एकाच यंत्रावर सर्व माहिती न ठेवता ती अनेक यंत्रांवर वाटून ठेवावयाची, आणि प्रत्येक नोंदीच्या एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर राखावयाच्या, ही त्याची मूळ कल्पना होय. कॅसांड्राचा उगम फेसबुक या कंपनीत झाला. अविनाश लक्ष्मण व प्रशांत मलिक यांनी तो रचला आणि २००८ मध्ये तो सर्वांसाठी खुला करण्यात आला. त्याच्या घडणीवर ॲमेझॉनच्या ‘डायनॅमो’ या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रचनेचा ठसा स्पष्ट आहे. नोंदीच्या तीन प्रती ठेवल्या आणि लिहिताना व वाचताना त्यांपैकी दोघांची साक्ष पुरेशी मानली, तर एक यंत्र बंद पडले तरी व्यवहार चालू राहतो. आवृत्ती बदलण्याची नेहमीची पद्धत याच गुणावर उभी आहे. एका वेळी एकच यंत्र खाली घ्यावयाचे, त्यावर नवी आवृत्ती बसवावयाची, ते पुन्हा समूहात आणावयाचे आणि मगच पुढच्याला हात लावावयाचा.

या पद्धतीत एक काळ असा येतो की समूहातील काही यंत्रे नव्या आवृत्तीची आणि काही जुन्या आवृत्तीची असतात. धोक्याचे मूळ या संधिकाळात असते. म्हणून आवृत्तिपालटाची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी, असे आम्ही सुचवितो. पहिला प्रश्न सहवासाचा : संधिकाळात जुने व नवे यांना एकमेकांचे बोलणे समजते काय? दुसरा परतीचा : कोणत्या क्षणापर्यंत मागे फिरता येते, आणि तो क्षण ओलांडला जात आहे याचे भान करणाऱ्याला असते काय? तिसरा साक्षीचा : नव्यात उतरलेला मजकूर जुन्याशी ताडून पाहणारा कोणी आहे काय, आणि असल्यास तो कोण?

३

या कसोटीवर कॅसांड्राच्या मार्गदर्शक लेखनाची परीक्षा केली असता त्याचे काही गुण प्रथम नमूद केले पाहिजेत. पहिला गुण सहवासाच्या बाबतीत आहे. नव्या व जुन्या आवृत्तीची दोन यंत्रे एकमेकांशी बोलू लागली की संवाद जुनीला समजणाऱ्या भाषेत होतो. जुने शिकण्याचे ओझे नव्यावर असते, जुन्यावर नसते. हा केवळ तांत्रिक संकेत नसून व्यवहारनीतीचा एक मोठा नियम आहे, आणि पुढे भोकरकडे वळताना तो आपल्या उपयोगी पडणार आहे.

दुसरा गुण म्हणजे हे लेखन काय करू नये ते स्पष्ट सांगते. समूहात दोन आवृत्त्या असेपर्यंत कोष्टकांची रचना बदलू नये. प्रतींची परस्परांशी जुळणी करण्याचे काम, ज्याला तेथे ‘रिपेअर’ म्हणतात, ते चालवू नये. नवे यंत्र समूहात घालू नये. या निषेधांमागे एक विवेक आहे. नोंदी येतच राहतील, त्यांना थांबविता येणार नाही. मात्र नोंदींचा साचा त्या काळात हलू देऊ नये. चालू ठेवण्याची गोष्ट व गोठविण्याची गोष्ट यांतील हा भेद ज्याला कळला, त्याला आवृत्तिपालटाचे अर्धे शास्त्र कळले असे म्हणावयास हरकत नाही. तसेच आवृत्त्यांच्या पायऱ्या गाळू नयेत, हेही तेथे बजावलेले असते. २०२४ च्या सप्टेंबरात आलेल्या ५.० या आवृत्तीवर ३.११ वरून थेट जाता येत नाही. मधल्या चौथ्या आवृत्तीचा उंबरठा ओलांडूनच जावे लागते.

तथापि परतीच्या प्रश्नावर हे लेखन दीर्घकाळ दुबळे राहिले, हेही म्हटले पाहिजे. ‘प्रथम राखीव प्रत घ्यावी’ या एका ओळीत तेथे बहुधा सारे आटोपते. वस्तुतः येथेच विवेचनाला आरंभ व्हावयास हवा. कॅसांड्रामध्ये अशी प्रत घेतली असता ती त्याच तबकडीवरील मूळ फायलींना दिलेले दुसरे नाव असते; ती दुसरीकडे हलविली नाही, तर तबकडीबरोबर तीही जाते. शिवाय नवे यंत्र चालू झाल्यावर ज्या नोंदी येतात त्या नव्या स्वरूपात लिहिल्या जातात आणि जुन्या आवृत्तीला त्या वाचता येत नाहीत. म्हणजे राखीव प्रतीकडे परतणे शक्य असले, तरी मधल्या काळातील नोंदी गमावल्याशिवाय ते होत नाही. ही परतीची किंमत होय, आणि ती तासागणिक वाढत जाते. जी प्रत उघडून पुन्हा उभी करून पाहिली नाही, तिला राखीव प्रत म्हणण्याऐवजी राखीव समजूत म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पाचव्या आवृत्तीने या उणिवेची दखल घेतली, ही समाधानाची गोष्ट आहे. तीत सुसंगतीच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिल्या पायरीवर यंत्र नवे असूनही फायली चौथ्या आवृत्तीला वाचता येतील अशाच लिहिते. दुसरीवर समूहातील प्रत्येक यंत्राच्या आवृत्तीवर लक्ष ठेवले जाते आणि नवे गुण बेताने खुले होतात. तिसरीवर जुन्याशी असलेला दुवा सोडला जातो. न सांगता आपण पहिलीवरच असतो. पुढे जावयाचे तर ते जाणूनबुजून जावे लागते. परतीचा दरवाजा कोणत्या क्षणी बंद होतो, हे येथे प्रथमच यंत्राच्या रचनेतच लिहिले गेले आहे.

याच्या उलट उदाहरण म्हणून ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे नाव घेता येईल. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिने सुमारे ५० लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात नव्या व्यवस्थेवर हलविली. सोमवारी दारे उघडली तेव्हा पाऊल मागे घेण्याची वाट उरली नव्हती. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोचता येईना, आणि २०२२ च्या डिसेंबरात नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. येथे संधिकाळच टाळला गेला होता. परंतु संधिकाळ टाळला म्हणजे धोका टळला असे होत नाही. तो एका रात्रीत गोळा होतो, एवढेच.

४

आता भोकरकडे वळू. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हा तालुका तेलंगणाच्या सीमेलगत आहे, आणि त्याच्या दफ्तराने गेल्या पाऊणशे वर्षांत जितकी आवृत्त्यंतरे पाहिली तितकी फार थोड्या संगणकांनी पाहिली असतील. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ च्या सुमाराचा. वर्षे फसली, सरकारी कागदपत्रांची भाषा उर्दू, गावपातळीवर मोडीचीही वहिवाट आणि नाणे हाली शिक्क्याचे. पुढे १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. १९५० मध्ये कुळकायदा आला. पन्नाशीच्या मध्यात खासरा पत्रके तयार झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचा कायदा १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला, आणि १९७१ च्या नियमांनी गाव नमुना सात व बारा यांची बैठक ठरली.

१९५६ च्या पुनर्रचनेत केवळ आवृत्तीच नव्हे, समूहही बदलला. मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून आंध्र प्रदेशात गेली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका व इस्लापूर मंडळ इकडे आले. एका समूहातील यंत्रे काढून दुसऱ्यात जोडावीत, तसाच हा प्रकार होता. त्या गावांच्या नोंदींचे रुमाल कोणत्या कचेरीत राहावयाचे, हा प्रश्न कागदाचा दिसला तरी त्यावर कोणाचे तरी रान अवलंबून होते.

या साऱ्या पालटांत सहवासाच्या कसोटीला उत्तम उतरलेले उदाहरण चलनाचे आहे. १९५० मध्ये भारतीय रुपया हाली शिक्क्याच्या जोडीला आला, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार, असा भाव सर्वांना ठाऊक होता. १९५१ मध्ये हाली शिक्का काढणे थांबले. परंतु तो चलनातून रद्द झाला तो १९५९ मध्ये. दोन आवृत्त्यांना एकमेकींत भाषांतरित करणारे एकच सोपे गुणोत्तर, पुरेसा अवधी आणि शेवटाची निश्चित तारीख, या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या.

दफ्तराच्या बाबतीत असे सोपे गुणोत्तर नव्हते. उर्दू लेखनात ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. म, ल, क ही तीन अक्षरे मलिक, मुल्क व मिल्क अशी तिन्ही प्रकारे वाचता येतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही. अशा नावांचे देवनागरीत लिप्यंतर करणारा कारकून वस्तुतः भाषांतरकार असतो, आणि त्याचा निर्णय पुढच्या प्रत्येक नकलेत कायम होतो.

मापांचे रूपांतर त्याहून निरुपद्रवी दिसते, परंतु तेही तसे नाही. एक गुंठा म्हणजे १.०११७ आर. एखाद्या ५० गुंठ्यांच्या क्षेत्राचे ५०.५९ आर होतात, ते पूर्णांकात ५१ लिहिले. तेच क्षेत्र दोन भावांत सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या २५ गुंठ्यांचे २५.२९ आर होऊन प्रत्येकी २५ लिहिले जातील, आणि दोघांची बेरीज ५० भरेल. एक आर जमीन कोणीही न घेता गेली! बांधावरून फौजदारी होते ती बहुधा याहून लहान पट्टीवरून, हे ध्यानी घेतले म्हणजे आकड्याच्या जातीतील बदल ही केवळ गणिताची बाब राहत नाही.

५

दफ्तराचे शेवटचे मोठे आवृत्त्यंतर हस्तलिखिताकडून संगणकाकडे झाले. अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली, आणि महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’ प्रकल्पाने तिला आजचे रूप आले. २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, २०२० मध्ये उताऱ्याच्या नमुन्यात सुधारणा झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करण्याची ‘ई-पीक पाहणी’ आली. आधी मजकुराचे स्थलांतर आणि नंतर नमुन्याची सुधारणा, हा क्रम योग्य होता. नोंद व साचा एकाच वेळी हलवू नयेत, हा वर सांगितलेला नियम त्यात पाळला गेला आहे.

या साऱ्यात चावडी वाचनाची कल्पना आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. गावकऱ्यांसमोर संगणकातील सातबारा वाचून दाखवावयाचा आणि चूक असेल ती त्यांनी सांगावयाची, ही वस्तुतः प्रतींची परस्पर जुळणीच होय. येथे एक प्रत संगणकात आहे, दुसरी तलाठ्याच्या हस्तलिखितात आणि तिसरी गावाच्या स्मरणात. कॅसांड्राचा नियम असा की ही जुळणी स्थित्यंतराच्या आधी पुरी करावी व नंतर पुन्हा करावी, मध्ये करू नये. कारण न जुळलेल्या प्रती नव्या आवृत्तीत नेल्या, तर जुनी चूक नव्या वेषात स्थिर होते. चावडी वाचनाची मर्यादाही येथेच आहे. जो खातेदार पोटापाण्यासाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेलेला आहे, किंवा जी विधवा चावडीवर येण्यास संकोचते, त्यांची प्रत त्या जुळणीत येत नाही. अनुपस्थितांची साक्ष गृहीत धरली गेली की जुळणी पूर्ण झाल्याचा केवळ भास होतो.

डिजिटल स्वाक्षरीविषयीही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उतारा डेटाबेसमधून निघाला व वाटेत बदलला नाही, एवढेच ती स्वाक्षरी सिद्ध करते. डेटाबेसमध्ये जे आहे ते खरे आहे, असे ती सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. परंतु संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की चुकीच्या नोंदीला दुहेरी प्रतिष्ठा मिळते : कायद्याची आणि यंत्राची. वारसाचे एक नाव पुनर्लेखनात गळाले असेल, तर हस्तलिखितात ते कोणाच्या तरी हाताची चूक म्हणून दिसत असे. छापील उताऱ्यात ती जागा केवळ रिकामी दिसते.

परतीची वाट कलम १५५ ने ठेवली आहे. लेखनप्रमाद त्याखाली दुरुस्त होतो. येथे दोन उदाहरणांतील खरा भेद दिसून येतो. संगणकतज्ज्ञाला चूक आढळली तर तो सारा समूह मागे नेऊ शकतो, आणि त्याची किंमत ती व्यवस्था चालविणारी संस्था देते. खातेदाराला चूक आढळली तर त्याने एकट्याने अर्ज करावा, जुना उतारा शोधून आणावा, तहसिलीच्या पायऱ्या चढाव्यात. तो हे करीत असताना मृगाचा पाऊस थांबत नाही, आणि पीककर्जाची मुदतही थांबत नाही. स्थित्यंतराचा लाभ सर्वांचा आणि त्याच्या चुकीचा भार एकेकट्याचा, ही विषमता कोणत्याही तांत्रिक पुस्तिकेत लिहिलेली नसते. परंतु सुरक्षिततेच्या व्याख्येत तिला स्थान दिल्याशिवाय ती व्याख्या पुरी होणार नाही.

६

या तुलनेवर एक आक्षेप सहज घेता येईल, व तो वाजवी आहे. कॅसांड्रात एका नोंदीच्या तीन समान प्रती असतात. गावच्या दफ्तरात मुळात एकच अधिकृत प्रत असे. दफ्तर वाटून ठेवलेले होते, परंतु प्रतींनी राखलेले नव्हते. मग एकाची कसोटी दुसऱ्याला कशी लावावी? आमचे उत्तर असे की या भेदाने कसोटी निरुपयोगी ठरत नाही. ती अधिक कडक होते. जेथे तीन प्रती आहेत तेथे एका वेळी एकच यंत्र खाली घेण्याची सावधगिरी पाळली जाते. जेथे एकच प्रत आहे तेथे सावधगिरी तिप्पट हवी. आणि प्रत अगदीच एक होती, असेही नाही. वेळोवेळी दिलेले उतारे खातेदारांच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, खरेदीखताशेजारी जपून ठेवलेले असत. कोणीही न योजलेल्या त्या राखीव प्रती होत. दुरुस्तीच्या अर्जाला शेवटी तोच पिवळा पडलेला कागद उपयोगी पडतो.

जुनी आवृत्ती वाचता येणे किती काळ आवश्यक असते, याचे उत्तरही मराठवाड्याने अलीकडेच दिले आहे. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दफ्तरे तपासावयास घेतली, तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी भासू लागली. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. बोध एवढाच घ्यावयाचा की पाऊणशे वर्षांपूर्वी बाद झालेली आवृत्ती लाखो लोकांच्या दृष्टीने बाद झालेली नव्हती. कागद उरला होता, परंतु वाचणारा उरला नव्हता. फाईल शाबूत आणि ती उघडणारा प्रोग्राम नाहीसा, अशी जी अवस्था संगणकात होते, तिच्याहून ही वेगळी नाही.

तेव्हा सुरक्षित आवृत्तिपालटाविषयी आमचा निष्कर्ष असा : नव्याने जुन्याची भाषा शिकावी, परतीची वाट बंद होण्याचा क्षण जाहीर असावा, जुळणी स्थित्यंतरापूर्वी व्हावी व तीत अनुपस्थितांनाही बोलावले जावे, रूपांतराच्या प्रत्येक ठिकाणी मूळ आकडा व मूळ लेखन नव्याच्या शेजारी जपले जावे, आणि यंत्राच्या चुकीचा भार नोंद ज्याची आहे त्याच्यावर न टाकता ज्याने नोंद हलविली त्याने उचलावा. यांतील पहिल्या चार गोष्टी संगणकशास्त्र आज कमीअधिक प्रमाणात जाणते. पाचवी मात्र त्याला भोकरच्या चावडीवरूनच शिकावी लागेल.